पडद्यावरच्या बँडला वन्समोर

"आवाज कुठाय? अरे, आवाज सोडा!"

पिटातून, म्हणजे पुढच्या स्वस्त जागांतून, ओरडा सुरू झाला, तेव्हा पडद्यावर गोऱ्या पलटणीचा बँड गाल फुगवून वाजवत रस्त्यातून चालला होता. हॉलमध्ये मात्र माझ्या मशीनची खडखड तेवढी ऐकू येत होती. गिरगावातल्या त्या नाटकगृहात मी हलती चित्रं दाखवणारा ऑपरेटर होतो. समुद्राच्या लाटा, शर्यतीचे घोडे लोकांनी मुकाट्याने पाहिले. पण बँड, आणि मुका? ती त्यांना सरळ फसवणूक वाटली.

हॉलचे मालक शेठ तणतणत आले. "विनायकराव, शनिवारी पुन्हा अशी बोंब झाली तर मशीन पेटीत घाला. हॉल नाटक कंपनीला देतो."

मशीन पेटीत म्हणजे मी परत फोटो स्टुडिओत, निगेटिव्हच्या काचा धुवायला. मेलो तरी मी तिथे जाणार नव्हतो. "शनिवारी आवाज येईल," मी ठणकावून सांगितलं.

धोबीतलावावर गोव्याच्या अंतोन मेस्त्रींचा लग्नाचा बँड होता. तो आणून पडद्यामागे बसवला. कापडातून चित्र मागेही दिसतं, फक्त आरशातल्यासारखं उलटं. पडद्यावरचा ढोलवाला डावखुरा दिसायचा, आणि त्याच्याकडे बघून मेस्त्रींचा ढोलवाला हमखास चुकायचा. शेवटी मी सांगितलं, चित्राकडे कुणी बघायचंच नाही. मशीनचा दांडा मी हाताने फिरवत असे. हळू फिरवला की पडद्यावरची माणसं हळू चालतात. तेव्हा मीच ढोल ऐकून दांडा फिरवू लागलो. पावलं ठोक्यावर पडू लागली.

शुक्रवारच्या खेळात करून पाहिलं. हॉल टाळ्यांनी दणाणला. "वन्समोर!"

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. नाटकातलं पद आवडलं की नटाने ते पुन्हा म्हणायचं, ही आमच्या लोकांची सवय. मेस्त्रींनी तत्काळ पहिल्यापासून सुरू केलं. माझी फिल्म मात्र संपली होती. पांढरं कापड समोर आणि मागे बँड जोरात.

"बँड पळाला रे!" कुणीतरी ओरडलं. पुन्हा शिट्ट्या, पुन्हा बोंब.

मी पडद्यामागे धावलो. "मेस्त्री, थांबायचं ना!"

"वन्समोर मागितल्यावर थांबायचं कसं, बाब? आमचा धंदाच तो."

बरोबर होतं त्यांचं. म्हणजे आता फिल्मनेच वन्समोर द्यायला हवा होता. ती उलटी गुंडाळून पुन्हा लावण्याइतका धीर पिटाला नव्हता. मी तिची दोन्ही टोकं चिकटवून माळ केली. पण माळ जमिनीवर घासली तर फिल्म खरवडते. माझा मावसभाऊ परळच्या गिरणीत होता. त्याच्याकडून सूत गुंडाळायचे टाकाऊ बॉबिन आणले, फळीवर खिळ्यांनी बसवले आणि त्यांवरून माळ फिरवली. धोका एकच. माळ अडकली तर दिव्याच्या उष्णतेने फिल्म भपकन पेटते. ओलं घोंगडं पायाशी ठेवलं.

शनिवारी शेठ माझ्या शेजारीच उभे राहिले. बँड वाजला. वन्समोर आला. मी दांडा सोडला नाही. जोड दिव्यासमोरून गेला आणि सगळी पलटण एका झटक्यात रस्त्याच्या टोकाला परत.

पिट टाळ्यांनी नुसता पेटला. पुढे पुढे तर लोक त्या झटक्याचीच वाट बघू लागले. आनंदाने मला हसू आवरेना.

वन्समोर काही थांबेनात. अखेर पडद्यामागून मेस्त्री कळवळले, "बाब, ओठ सुजले!"

मी दिव्यावर झाकण टाकलं. पडदा काळा झाला.

"थांबवलं कशाला?" शेठ म्हणाले. "लोक मागतायत!"

"म्हणूनच थांबवलं. रविवारी येतील."

रविवारी हॉल भरला. नाटक कंपनीला शेठनी तारीख दिली नाही. माळ मी पुढे बऱ्याच चित्रांना लावली. फक्त खेळाआधी पडद्यामागे जाऊन विचारून येतो, आज किती वन्समोर झेपतील. मशीनला काय, ते रात्रभर फिरेल.