पालखीच्या दिवशी बंद दार

पंधरा वर्षं मी मुंबईच्या एका कंपनीत वर्ग घेतले. विषय एकच: माणसं कामात रमवायची कशी. मग दिवेआगरला वाडीत चार खोल्यांचा होमस्टे काढला आणि हाताखालचं एकच माणूस मला सांभाळता आलं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

ते माणूस म्हणजे स्वयंपाकाच्या मावशी. तळा तालुक्यातल्या एका गावातल्या, मागेपुढे कोणी नसलेल्या. गावच्या घराला कुलूप लावून माझ्याकडेच राहायच्या. शिळी मासळी कोळणीशी भांडून परत पाठवायच्या, ताटात अन्न टाकणाऱ्या पाहुण्यांना झापायच्या. मलाही. होमस्टे माझा, पण चालवायच्या त्या.

शिमग्याआधी त्या म्हणाल्या, "ताई, दोन दिस गावाला जाते. देवीची पालखी दारात येते. दार उघडाया मी एकलीच हाय."

चारही खोल्या भरलेल्या होत्या. पाहुण्यांना पुरणपोळी कबूल केली होती. मी म्हटलं, "चावी शेजारणीकडे पाठवा ना. ती उघडेल."

त्यांनी डाळ निवडायला घेतली. आपण काय झकास तोडगा काढला, असं वाटलं मला.

पालखीच्या दिवशी दुपारी शेजारणीचा फोन आला. मावशींचे हात पुरणात, म्हणून स्पीकर मीच लावला. चावी पोचली होती, पण तिने दार उघडलं नव्हतं. "घरच्या बाईबगर ओटी कोन भरनार?" ती म्हणाली. पालखी अंगणात आली, ढोल थांबले, थोडा वेळ वाट पाहिली आणि ती पुढच्या घरी गेली.

"बरं," मावशी म्हणाल्या आणि तव्यावरची पोळी उलटली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचं एकच वाक्य, "तुम्ही सांगाल तसं." कामाला वेळेवर हजर, सुटी एकही नाही. एकदा सुरमईचं कालवण पाहुण्यांनी तसंच ठेवलं. वास मारत होतं.

"मावशी, तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं की. तुम्ही सुरमई करा म्हनलात."

मी माफी मागितली. पगार वाढवला. कंपनीतली सवय, त्यांचा फोटो भिंतीवर लावला, खाली 'उत्तम कर्मचारी'. दर सोमवारी बाकीच्या फ्रेमांबरोबर त्या तोही पुसायच्या. शेवटी एक दिवस मी त्यांच्यापुढे चक्क रडले. म्हटलं, भांडा माझ्याशी, शिव्या द्या, पण काहीतरी बोला हो. त्यांनी पाणी आणून दिलं.

पुढच्या शिमग्याला मी चारही खोल्या बंद ठेवल्या आणि त्यांना स्वतः गाडीने गावी नेलं. त्यांनी कुलूप काढलं, अंगण सारवलं, रांगोळी घातली. पालखी आली. ओटी भरताना मावशी रडत होत्या आणि हसतही होत्या. वर्षभरात पहिल्यांदा! माझा जीव भांड्यात पडला.

निघताना त्यांनी पदराची गाठ सोडली आणि माझ्या स्वयंपाकघराची चावी माझ्या हातावर ठेवली.

"हे दार पुन्यांदा बंद न्हाय करायचं मला, ताई."

मी त्यांचा हात धरला. सोडवेना. "मावशी, तुमच्याशिवाय तिथं कोण आहे मला?"

"तेच," त्या हळू म्हणाल्या. "चावी शेजारणीकडं ठेवा म्हनलं आसतं. पन तुमाला तिथं शेजारीन कुठं हाय?"