टर्बोच्या तोंडाशी कुंभारीण

आयुष्यभर बोटींच्या इंजिनरूममध्ये काढलेल्या माणसाला त्याच्याच गाडीने दगा दिला की फार लागतं. निवृत्त झाल्यावर मी एक जुनी डिझेल व्हॅन घेऊन तिचं फिरतं घर केलं. आत दोन बाकं, रात्री त्यांचाच पलंग, एक शेगडी, एक छोटी मोरी. बायको तिला 'तुमची दुसरी बोट' म्हणते. पावसाळाभर ती बागेतल्या मांगरात, कौलारू खोपटात, उभी होती. आश्विनात बाहेर काढली, तर चढावर तिच्यात जीवच नाही. सपाटीला शहाण्यासारखी चालायची. आरे-वाऱ्याची चढण लागली की धापा टाकत काळा धूर सोडायची. भरलेल्या रिक्षासुद्धा हॉर्न मारून पुढे जात होत्या.

एरवी मी म्हटलं असतं, बघू सावकाश. पण मुलगी येणार होती. तिच्या लग्नाला बरीच वर्षं झाली. मूल व्हावं म्हणून तिने आणि जावयाने मुंबईत नको तितके उपचार करून घेतले. दोनदा राहिलं आणि दोनदा गेलं. या उन्हाळ्यात तिने ते सगळं थांबवलं. त्यानंतर तिने आमच्याकडे काहीच मागितलं नव्हतं, आणि आता एकदम फोनवर म्हणाली, "बाबा, तुमच्या गाडीतून मला गुहागरला न्या. समुद्राजवळ झोपायचंय मला." काहीही करून मला ती गाडी धड हवी होती.

टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. त्या हवेचा दाब दाखवणारा एक काटा मी हौसेने स्टिअरिंगजवळ बसवला होता. तो चढावर निम्म्यातच अडकत होता. दाब कमी म्हणजे हवा कुठून तरी पळतेय, असं धरून मी कामाला लागलो. टायरवाल्याकडून हवेचा पंप आणून रबरी नळ्यांत हवा भरली आणि सांध्यांना साबणाचा फेस फासला. एकही बुडबुडा नाही. क्लॅम्प आवळले. टर्बोचा पंखा बोटाने फिरवून पाहिला, मोकळा फिरला. फिल्टर तर नवाकोरा होता. बॉनेटखाली डोकं घालून मी आधी गाडीला, मग ती बनवणाऱ्याला आणि शेवटी स्वतःला शिव्या घातल्या. बायको चहा आणून ठेवायची आणि न बोलता निघून जायची. मला बोलल्याशिवाय सोडणारी ती बाई नव्हे, पण तेव्हा माझं तिकडे लक्षच नव्हतं.

वैतागून एकदा फिल्टरच्या डब्याचं झाकण काढलं आणि तशीच गाडी चढणीला घातली. असं करू नये, लाल धूळ टर्बो खाऊन टाकते. पण मला एकदाच खात्री करून घ्यायची होती. गाडी भरकन वर गेली. काटा पुरता चढला. म्हणजे हवा पळत नव्हती, ती आत येतच नव्हती. दुखणं फिल्टरच्याही आधी होतं, पुढच्या चाकाच्या वर जिथे हवेची नळी उघडते तिथे.

घरी येऊन त्या नळीच्या तोंडात बॅटरी मारली. कुंभारीण माशीने आत मातीची घरं केली होती, एकाला लागून एक. जेमतेम बोट जाईल एवढी फट उरली होती. मी स्क्रूड्रायव्हर उचलला, तेवढ्यात बायको पाठीमागून म्हणाली, "पाडू नका हो ती."

"तुला ठाऊक होतं?"

"श्रावणापासून."

कुंभारीण म्हणजे मातीचं घर करणारी ती काळी-पिवळी माशी. ती घरात माती आणते तेव्हा त्या घरात पाळणा हलतो, असं आमच्या बायका मानतात. म्हणून तिचं घर कोणी पाडत नाही. "इतक्या वर्षांत आपल्याकडे ती कधी आली नाय," बायको म्हणाली. "आली ती या गाडीत. गाडीत शेगडी आहे, मोरी आहे. म्हणजे घरच ना ते?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी इथे साबण फासत बसलो होतो आणि ही मुकाट चहा ठेवून जात होती! पण तिचा चेहरा पाहिला. मुलीने आशा सोडली होती, आईच्याने ती सुटत नव्हती. मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. त्या क्षणी ती मला फार जवळची वाटली. तसं तिला सांगणं मात्र मला जमलं नाही.

मुलगी आली आणि आम्ही गाडी तशीच घेऊन निघालो. चढणीवर गाडी धापा टाकायला लागली.

"बाबा, इंजिनवाले ना तुम्ही?" मुलीने चिडवलं.

मी गिअर खाली घेतला. बायकोनेच सगळं सांगून टाकलं, कुंभारणीपासून पाळण्यापर्यंत. मुलगी खिडकीबाहेर बघत ऐकत होती. मग म्हणाली, "गाडी बाजूला घ्या."

उतरताना तिने शेगडीजवळचा चमचा घेतला, चाकाशी उकिडवी बसली आणि माती खरवडायला लागली. बायको "नको गो, नको गो" करत तिच्या मागे उभी.

"हे बघ आई," एक ढेकूळ तळहातावर घेऊन मुलगी म्हणाली, "याला भोक आहे. पिल्लं कधीच उडून गेलीत. मी कोणाचं काही मोडत नाहीये."

बायकोने ते ढेकूळ हातात घेतलं.

"मी थांबले, आई. आता तूही थांब. रोज फोन करतेस आणि पहिल्यांदा विचारतेस, 'काही?' मी नाही म्हणते, तू बरं म्हणतेस आणि फोन बाबांकडे देतेस."

ते खरंच होतं. तो फोन रोज माझ्याच हातात येत होता, आणि मी जावयाची चौकशी करून, पावसापाण्याचं बोलून ठेवून देत होतो.

 ढेकूळ बायकोच्या मुठीत चुरलं. तिने हात झटकले, पदराने मुलीच्या गालावरची माती पुसली आणि विचारलं, "कशी आहेस गो?"

 मुलगी आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रस्त्याच्या कडेला हमसून हमसून रडली. नळीचं तोंड केव्हाच साफ झालं होतं; मी ते फडक्याने पुसतच राहिलो.