समोरच्या दाताचं वर्ष

गेल्या वर्षी जानेवारीत मी भर कार्यक्रमात जे करून ठेवलं, त्याचा विषय निघाला की आमच्या बँडमधले बाकीचे तिघे आधी माझ्याकडे बघतात आणि मग छताकडे.

झालं असं. रविवारची दुपार, पार्क स्ट्रीटला लागून असलेल्या गल्लीतला एक कॅफे, समोर चाळीसेक माणसं, त्यातली निम्मी नुसती जेवायला आलेली. आम्ही चौघं: पियानो, बेस गिटार, ड्रम आणि सॅक्सोफोन. सॅक्सोफोन मी वाजवतो. आठवड्यातले सहा दिवस मी लिफ्टच्या कंपनीत देखभालीचं काम बघतो, त्याबद्दल कोणी काही विचारत नाही, पण सॅक्सोफोनचं नाव निघालं की बायकोचा भाऊ हमखास विचारतो, "काय दाजी, वरातीची सुपारी घेता का?"

जॅझमध्ये प्रत्येकाला एकट्यानं वाजवायला जागा देतात, पण मोजून. आठ बार, सोळा बार. बार म्हणजे आपल्याकडचं आवर्तन समजा आणि वाद घालू नका. पियानोवर आमचे म्होरके बसतात. सत्तरी ओलांडलेले, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. तर धून रंगात आली, दादांनी मान वळवली आणि मला म्हणाले, "तुमि शोलो!"

बंगालीत शोलो म्हणजे सोळा. अकरा वर्षं कोलकात्यात काढल्यावर मला हे ठाऊक होतं; बाजारात, बसमध्ये रोज कानावर पडतं. पण बंगाली माणूस 'स'चा 'श' करतो हेही मला ठाऊक होतं, आणि स्टेजवर उभ्या असलेल्या सॅक्सोफोनवाल्याला 'सोळा' आणि 'सोलो' यांतलं काय ऐकू येणार ते सांगायला नको. दादा म्हणाले, सोळा बार घे. मी ऐकलं, आता सगळं तुझंच.

मी डोळे मिटले, ते साडेसहा मिनिटांनी उघडले. माझ्यानंतर बेसवाल्याची पाळी होती. तो म्हणे तीनदा पुढे सरकला आणि तीनदा मागे गेला. ड्रमवाला एका हातानं वाजवत दुसऱ्या हातानं बाटलीतलं पाणी प्यायला. दादा दोन्ही हात मांडीवर ठेवून, बस चुकलेल्या माणसासारखे बसून होते. टाळ्या पडल्या, त्या बहुतेक संपल्याच्या आनंदात. आणि मी खाली उतरताना जीभ सहज वरच्या समोरच्या दाताला लागली, तर तो हलला.

इथे थोडं यंत्र समजावून सांगायला हवं. सॅक्सोफोनचं तोंड, म्हणजे माउथपीस, धरताना खालचा ओठ गादीसारखा खाली असतो आणि वरचे समोरचे दात थेट त्यावर टेकतात. वाजवणारा भावनेच्या भरात आला की तो चावतो. मी साडेसहा मिनिटं चावलो होतो.

दुसरं कुठलंही वर्ष असतं तर मी सुट्टी घेतली असती. पण त्या वर्षी दादांच्या स्वतःच्या सहा धुना रेकॉर्ड करायच्या होत्या. कित्येक वर्षं त्या एका वहीत पडून होत्या. डिसेंबरमध्ये त्या लोकांसमोर वाजवायच्या, आणि पुढच्या जानेवारीत दादा मुलाकडे बंगळूरला जाणार, कायमचे. माझा दात गेला तर काय झालं असतं? दादांना दुसरा सॅक्सोफोनवाला मिळाला असता. खरी भीती तीच होती. म्हणून मी कोणाला काही बोललो नाही.

लपवणं सोपं नव्हतं. लगेच संक्रांत आली. बायकोनं तिळाच्या वड्या केल्या, त्याही तिच्या माहेरच्या पद्धतीच्या, ज्यांनी फरशी फुटेल. मी म्हणालो, "मला हल्ली इथली मऊ मिठाई, संदेशच बरा वाटतो." दुसऱ्या दिवशी पुन्हा संदेश. आठवड्यानं ती बहिणीला फोनवर सांगत होती, "अगं, हे पार बंगाली झाले. मला तर वाटतं उद्या धोतराचा सोगा हातात धरून ऑफिसला जातील."

रेकॉर्डिंग बेहाल्यातच, आमच्या घरापासून दोन स्टॉपवर होतं. एका घराच्या तळमजल्यावरची मागची खोली, भिंतींना गाद्या लावलेल्या, आणि भिंतीपलीकडे शेजारच्या मासीमांचं, म्हणजे मावशींचं, स्वयंपाकघर. पहिल्या दिवशी आमची सगळ्यात हळुवार धून कुकरच्या शिट्टीनं दोनदा खाल्ली. शेवटी रेकॉर्डिंग करणारा गृहस्थ खिडकीत जाऊन हात जोडून म्हणाला, "मासीमा, आजच्या दिवस डाळ राहू द्या." मासीमा म्हणाल्या, "मग जेवायला तुझ्याकडे येऊ?" आम्ही एक वाजेपर्यंत थांबलो. डाळ शिजली, मग जॅझ.

फेब्रुवारी ते एप्रिल अशा तीन धुना झाल्या. मी माउथपीसवर रबराचा जाड तुकडा चिकटवला होता. उंच सूर आला की दात हिरडीत सुई घातल्यासारखा ठणकायचा, म्हणून मी उंच सूर टाळायला लागलो. दादांनी एकदा मध्येच पियानो थांबवला. म्हणाले, "तू इतका कमी का वाजवतोयस? घरी भांडण झालंय का?"

पकडला गेलो तो रेकॉर्डिंगमुळेच. आमची मुलगी कॉलेजात आहे. मराठी बोलते, पण मध्येच तिची गाडी बंगालीच्या रुळांवर जाते. मे महिन्यात ती कानाला हेडफोन लावून आमच्या धुना ऐकत बसली होती.

"बाबा, हा टक् टक् कुठला आवाज देतोय?"

"आवाज देत नाही गं, येतो. बटणांचा असेल. सॅक्सोफोनला बटणं असतात."

"नाही, बटणांचा वेगळा आहे. हा तू जोरात फुंकलास की येतो. ऐक. टक्. परत टक्."

तिनं तेवढाच तुकडा मोठा करून स्पीकरवर लावला. घरभर टक् टक्. बायको पोळ्या लाटता लाटता लाटणं हातात घेऊनच बाहेर आली, क्षणभर ऐकलं, माझ्याकडे बघितलं, आणि संदेशच्या डब्याकडे बघितलं.

"तोंड उघडा," ती म्हणाली.

"अगं, तसं काही..."

"आ करा."

मी आ केला. तिनं पिठाच्या बोटानं दात हलवून बघितला. "पाच महिने! आणि मी मूर्खासारखी गावभर सांगत सुटले, ह्यांना संदेश आवडतो!"

दाताच्या डॉक्टर बाई आमच्याच भागातल्या, वयानं माझ्यापेक्षा लहान, स्वभावानं माझ्या आईपेक्षा कडक. त्यांनी फोटो काढून सांगितलं, "दात चांगला आहे, पाया खराब आहे. हिरड्या. हे साडेसहा मिनिटांचं काम नाही, पंधरा वर्षांचं आहे." माझी साडेसहा मिनिटांची कहाणी मी त्यांना आधीच ऐकवली होती. दात काढला तर नवा बसून पक्का व्हायला सात-आठ महिने. म्हणजे डिसेंबर गेला. ठेवायचा तर हिरड्या साफ करून, तो दात मागच्या बाजूनं शेजारच्या दातांना बारीक तारेनं बांधायचा आणि तीन महिने वाजवायचं नाही.

"आणि मग राहील?"

"राहील, किंवा नाही राहणार. तुम्ही त्याच्यावर नेमकं काय करता ते मला बघायचंय. उद्या ते वाद्य घेऊन या."

दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीत, गळ्याला कागदी रुमाल बांधलेला, डोक्यावर तो दिवा, अशा अवस्थेत मी सॅक्सोफोन तोंडाला लावला. त्या म्हणाल्या, हळू वाजवा. हळू वाजवणं ही सॅक्सोफोनमधली सगळ्यात अवघड गोष्ट. जो आवाज निघाला तो ऐकून बाहेर बसलेले दोन पेशंट उठून घरी गेले. तिसऱ्या बाई होत्या त्यांनी घाबरून माझ्या बायकोला विचारलं, आत काय चाललंय? बायकोनं मासिकातून मान वर न करता आपल्या बंगालीत उत्तर दिलं, "आमार शामी." म्हणजे, माझे यजमान.

डॉक्टर बाईंनी आरसा घालून दात, ओठ, माउथपीस सगळं नीट न्याहाळलं. त्यांना संगीतातलं काही कळत नव्हतं, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. मग म्हणाल्या, "वरचे दात टेकवताच कशाला? खालच्यासारखा वरचाही ओठ आत घ्या ना. बोळक्या तोंडाची माणसं आंबा खातातच की."

मी हसलो. तीस वर्षं वाजवणाऱ्या माणसाला आंब्याचं उदाहरण! घरी येऊन आरशासमोर उभं राहून वरचा ओठ आत घेऊन बघितला, तेव्हा हसू गेलं. करता येण्यासारखं होतं. फक्त सगळं पहिल्यापासून शिकावं लागणार होतं, आणि तेही तीन महिन्यांनी.

मग दादांना सांगायला गेलो. वाटलं होतं, ते म्हणतील, दुसऱ्याला बोलावतो. त्यांनी धुनांची वही उघडून पानं चाळली. म्हणाले, "तीन धुना राहिल्यात. नोव्हेंबरपर्यंत थांबतो. त्यानंतर मला थांबता येणार नाही, तिकीट झालंय." बाहेर पडल्यावर मला कळेना की बरं वाटावं की आणखी घाबरावं. मी दोन्ही केलं.

ते तीन महिने घरात कसे गेले ते घरच्यांनाच विचारा. संध्याकाळी मी वाजवायला बसायचो त्या दीड तासाचं आता काय करायचं? मी मसाल्याच्या डब्यांवर लेबलं लावली. लिफ्टच्या तपासणीची असते तशी यादी करून फ्रिजवर चिकटवली. बायको बहिणीशी बोलत असली की शेजारी बसून, तिनं अर्धवट सांगितलेल्या गोष्टी पूर्ण करू लागलो. मुलीला रोज एक सल्ला. वरच्या मजल्यावरचे शेजारी जिन्यात भेटले तेव्हा काळजीनं म्हणाले, "अहो, शरीर ठीक ना? वाद्य ऐकू येत नाही." इतकी वर्षं त्यांना त्रास होतो म्हणून मी कपाट उघडून कपड्यांत तोंड घालून वाजवत होतो!

दुर्गापूजेच्या मांडवांचे बांबू उभे राहायला लागले तेव्हा डॉक्टर बाईंनी परवानगी दिली, रोज दहा मिनिटं. वरचा ओठ आत. पहिल्या दिवशीचा आवाज रेडकासारखा होता. चौथ्या दिवशी ओठ आतून सोलवटले आणि वरण-भातसुद्धा झोंबायला लागला. दहा मिनिटांची वीस झाली, वीसची चाळीस. जोर करायची सोयच राहिली नव्हती. जोर केला की ओठच दाताखाली सापडायचा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्याच गाद्यांच्या खोलीत गेलो. पलीकडून मासीमांनी खिडकीतून स्वतःहून सांगितलं, "माझा कुकर झालाय, बसा."

आम्ही राहिलेल्यातली एक हळुवार धून घेतली. संपल्यावर दादा वळले.

"असं धरायला कुठे शिकलास?"

"दातांच्या डॉक्टरकडे."

"मस्करी करू नकोस. आमच्या तरुणपणी हॉटेलांत वाजवणारे म्हातारे असे धरायचे. कसला मऊ आवाज असायचा." मग म्हणाले, "त्यांना दात नसायचे, म्हणून असेल."

दोन रविवारांत राहिलेल्या तिन्ही धुना झाल्या. आधीच्या तीनमधल्या टक् टक्‌चं काय करायचं असा प्रश्न निघाला, तर ड्रमवाला म्हणाला, "राहू द्या, लोकांना वाटेल मीच वाजवलंय." तशाच ठेवल्या.

डिसेंबरचा कार्यक्रम बराकपूरला, नदीकाठच्या एका क्लबच्या जुन्या हॉलमध्ये, उन्हं उतरायच्या आत. शियालदाहून लोकलनं गेलो. बायको, मुलगी, मी आणि मांडीवर सॅक्सोफोनची पेटी. सहाच्या सहा धुना ओळीनं वाजवायच्या होत्या. रेकॉर्डिंगमध्ये चुकलं की पुन्हा घेता येतं, इथे नाही. तिसऱ्या धुनेत तो उंच सूर येतो जो मी एप्रिलमध्ये टाळला होता. मी ओठ आत घेतला, डोळे उघडे ठेवले, आणि सूर लावला. तो लागला. ठणकलं नाही. दादांनी पियानोवरून मान हलवली, एवढीशी. शेवटच्या धुनेनंतर ते उठून उभे राहिले, टाळ्या थांबेपर्यंत उभेच होते, आणि मला वाटतं त्यांना बसायचं नव्हतं.

परतीच्या गाडीत मी शंभरदा जिभेनं दात चाचपला असेल. मुलगी म्हणाली, "बाबा, आता तोच ढिला करशील."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला उशीर करून डॉक्टर बाईंकडे गेलो. त्यांनी आरशाच्या मागच्या टोकानं दातावर टकटक केलं, चिमट्यानं धरून हलवून बघितलं, नवा फोटो काढला, जुन्याशेजारी धरला. माझा श्वास सॅक्सोफोनवाल्याला शोभेल इतका वेळ रोखलेला होता.

"घट्ट आहे," त्या म्हणाल्या. "ओठ आत ठेवलात तर बरीच वर्षं टिकेल. वाजवा."

मी बाहेर आलो. बायको बाकावर बसली होती. मी काही बोलायच्या आधी तिला माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं, कारण तिनं डोळे मिटून भिंतीला डोकं टेकलं आणि मोठा सुस्कारा सोडला. मला भरून आलं. म्हटलं, हिला माझ्या वाजवण्याची एवढी काळजी होती, आणि मला कधी कळलंच नाही. तसं मी तिला बोलूनही दाखवलं.

"काळजी नसेल तर काय," ती उठत म्हणाली. "हा दात पडला असता, तर तुम्ही जन्मभर रोज संध्याकाळी माझ्याशी बोलत बसला असता."