चाचणीची सकाळ

आमच्या कारखान्यात डिझेल इंजिनांचे सुटे भाग बनायचे. मालकांनी विजेच्या गाड्यांकडे वळायचं ठरवलं आणि नव्या कामाला कोण योग्य, हे ठरवणं माझ्या मनुष्यबळ विभागाकडे आलं. चाचणीच्या सकाळी लेथवरचे शिंदेमामा दाराबाहेर उभे होते. धुतलेले हात ते पुन्हापुन्हा पँटला पुसत होते.

"मॅडम, नाही जमलं तर?"

"शिकवू की," मी म्हणाले. पण वरचे तेवढा वेळ देतील का, याचीच मला धास्ती होती. धंदा वळला की माणसांनीही वळायचं, हे बैठकीत किती सोपं वाटलं होतं.

"आत थांबाल ना?"

मी त्यांच्या शेजारी बसले. संगणकावरचा पहिला प्रश्न वाचून मामांनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर सांगायची मला मुभा नव्हती. मी मान खाली घातली.