डोलकाठीची तुळई

कौले चढवायच्या दिवशी तुळई मोडली. माझा भाऊ तिच्यावरून खाली पडला आणि दिवस मावळायच्या आत गेला.

ती तुळई आम्ही दोघांनी मिळून पारखली होती. त्याविषयी लिहायचे ठरवून पुष्कळ दिवस झाले. दोन ओळी लिहितो आणि थांबतो.

दादा सुतार होता. आईवडील गेल्यावर त्यानेच मला वाढवले, आणि माझ्या हाती लाकूड तासायचा वाकस न देता पुस्तक दिले. मी मॅट्रिक होऊन रत्नागिरीत शिक्षक झालो, तेव्हापासून तो मला नावाने हाक मारीनासा झाला. ‘मास्तर’ म्हणू लागला. आधी थट्टेने, मग सवयीने. आमचे घर शहराबाहेर, पालीच्या रस्त्याला. छप्पर पेंढ्याचे. दर वर्षी ते शाकारायचे आणि दर वर्षी ते कुठे ना कुठे गळायचे. एका पावसाळ्यात चुलीवरच धार लागली, तेव्हा वहिनीने कौलांचा विषय काढला आणि मग सोडला नाही. कौलांचे वजन पेलायला तुळई भक्कम हवी. नवा साग आम्हाला झेपणारा नव्हता. म्हणून जुने लाकूड घ्यायचे ठरले.

जुने लाकूड कसे पाहावे हे दादाला जितके कळत होते तितके मला पुढे कोणत्याही पुस्तकात सापडले नाही. जिथे विकणाऱ्याने तेल किंवा डांबर ताजे फासले असेल तिथेच तो आधी खरवडायचा. वाकसाने एक कपची काढून नाकाशी धरायचा. साग कितीही जुना झाला तरी आत त्याचा वास शिल्लक असतो. नुकत्याच तासलेल्या जागेवर पाण्याचा थेंब सोडायचा. थेंब वर राहिला तर बरे, चटकन जिरला तर लाकडातला जीव गेला. खिळ्यांच्या भोकांत तार घालून ती कुठवर जाते ते पाहायचा. आणि लाकूड गलबताचे असेल तर कपची जिभेवर ठेवायचा. मीठ मुरलेले लाकूड पावसात घामेजते आणि खिळे खाऊन टाकते, असे त्याचे म्हणणे.

शेवटची परीक्षा मात्र दोघांची होती. उभा जन्म ठोकाठोकीत गेल्याने दादाला कमी ऐकू येई, म्हणून कान माझा. तो एका टोकाला हातोडीने हलकेच टिचकी मारी, मी दुसऱ्या टोकाला कान लावून बसे. अखंड लाकूड तो आवाज जसाच्या तसा आणून पोचवते. आत कुजलेले असेल तर आवाज दबून येतो, कधी येतच नाही. मग तिकडून तो विचारी, “काय म्हणतंय?” मी सांगेन ते तो मानी.

बंदराजवळच्या वाळूत एक म्हातारा खलाशी मोडीत काढलेल्या गलबतांचे लाकूड विकायचा. दादा त्याला चाचा म्हणे. त्याच्याकडे एका मोठ्या गलबताची सागाची डोलकाठी पडली होती. तिचा मधला तुकडा आमच्या घराच्या मापाचा होता. मला रविवारची सुट्टी होती, म्हणून आम्ही त्या दिवशी गेलो. दादाने वास घेतला, थेंब सोडला, कपची जिभेवर ठेवली.

“सुतारदादा, लाकूड न्यायचंय की जेवायचंय?” चाचा म्हणाला. “मीठ कमी पडलं तर समुद्र जवळच आहे.”

दादा हसला. मीठ फारसे नव्हते. सगळे ठीक होते. त्याने मला टोकाशी बसायची खूण केली.

त्या दिवशी आगबोट यायची होती. आमच्या शाळेचे हेडमास्तर कुणाला तरी पोचवायला दोन शिक्षकांबरोबर बंदरावर आले होते. मी कोट-टोपी घालून ओल्या वाळूत गुडघा टेकला होता आणि ओंडक्याला कान लावला होता. त्यांनी मला पाहिले. एकजण काहीतरी बोलला आणि तिघेही हसले. ते माझ्यावर हसले की दुसऱ्या कशावर, हे मला आजही माहीत नाही. दादाने टिचकी मारली असणार. मी ऐकली नाही.

“काय म्हणतंय, मास्तर?”

“चांगलं आहे,” मी म्हटले आणि गुडघा झटकून उभा राहिलो.

चाचा म्हणाला, पुन्हा एकदा ऐका, आतलं मला दिसत नाही, नंतर माझ्याकडे बोट नको. दादाने माझ्याकडे पाहिले, मग हेडमास्तरांकडे पाहिले.

“मास्तरांनी सांगितलं ना? झालं तर,” तो म्हणाला.

शेजाऱ्यांनी हात लावून तुळई चढवली. दादाने नारळ फोडला. वासे बसले, निम्मी कौले लागली, तोवर ती टिकली. ती मोडली ते गलबताच्या फळ्यांतून डोलकाठी जिथे आरपार गेलेली असते, नेमक्या त्या जागी. तिथे वर्षानुवर्षे पाणी झिरपले होते. वरून साग घट्ट होता आणि आत काळा भुसा. दादाला अंगणात आणून निजवल्यावर, वैद्य यायच्या आधी, मी त्या पोकळीत हात घालून पाहिला. मनगटापर्यंत गेला.

वर्षश्राद्ध झाल्यावर मी वहिनीला सांगितले. ती पडवीत तांदूळ निवडत बसली होती. त्या दिवशी मी ऐकले नव्हते, लाजेने खोटे बोललो, एवढेच मी म्हटले. तिने हात थांबवला नाही.

“मला ठाऊक आहे, भावोजी. त्यांनी त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं होतं.”

काय सांगितले, हे मी विचारले.

“म्हणाले, आज त्याचं लक्ष नव्हतं. पण त्याच्या हेडमास्तरांसमोर त्याला पुन्हा वाळूत बसायला कसं सांगू?”

मग ती सूप घेऊन आत गेली. त्यानंतर या विषयावर आम्ही बोललो नाही.

वहिनी आता गुहागरला तिच्या भावाकडे असते. मी अजून त्याच शाळेत शिकवतो. महिन्यातून एकदा मी तिला पत्र लिहितो. तिला वाचता येत नाही, तिचा भाऊ वाचून दाखवतो. म्हणून पत्रात फक्त माझ्या प्रकृतीचे आणि पावसापाण्याचे असते.