काकाजींच्या कॅमेऱ्याला ऊन

गोठणगाव मागं पडलं, जंगलाचा रस्ता लागला, तसं ढगांतून ऊन बाहेर आलं आणि खेमराज काकाजी भर रस्त्यात थांबले. श्रावणातला सोमवार होता. गावातल्या आम्ही बाया पहाटेच प्रतापगडच्या महादेवाला पायी निघालो होतो, आणि दरवर्षीसारखे शेजारचे काकाजी सोबत होते. त्यांनी गळ्यातली पिशवी उघडली, दुपट्ट्यात गुंडाळलेला जुना कॅमेरा काढला आणि त्याची काच उन्हाकडं धरली.

मागून येणारी रुख्मा हसली. "काकाजी, देवाच्या आंधी कॅमेऱ्याले ऊन दाखवून राहिले का?"

"देवाले बुरशी नाई लागत, बाई. याले लागते. तू हो पुढं."

रुख्मा आणि बाकीच्या पुढं गेल्या. मी थांबले. काकाजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ओल्या रस्त्यावर एकटं सोडणं बरं नव्हतं.

पोळा झाला की त्यांची मुलगी भूमिका त्यांना ऑपरेशनसाठी नागपूरला नेणार होती. दिवाळीपर्यंत तिकडंच राहायचं. डोळ्यांची त्यांना काळजी नव्हती. उरलेल्या पावसात कॅमेऱ्याकडं कोण बघेल, हाच घोर होता.

"घेऊन जा न सोबत," मी म्हटलं.

"तिच्या खोलीत एसी हाय. थंडातून दमटात काढला का काचीवर घाम सुटते. मंग झालं."

या कॅमेऱ्याचा रोल आता मिळत नाही. कित्येक वर्षांत त्यानं फोटो काढला नाही. पण नवेगावबांधच्या तळ्याकाठचं आमचं गाव असं, की पावसाळ्यात डब्यातले पापड मऊ पडतात आणि चपलांवर पांढरं धरतं. तिथं हा कॅमेरा इतकी वर्षं टिकला तो काकाजींच्या बायकोमुळं, धुरपता काकूंमुळं. काकाजींनी वाढईकडून लाकडी पेटी करून घेतली होती. आत झिरोचा बल्ब जळायचा, पेटी उबदार राहायची. लाईन गेली की काकू चुलीवर तांदूळ भाजायच्या, फडक्यात बांधून पुरचुंडी करायच्या आणि पार थंड झाल्यावर कॅमेऱ्याशेजारी ठेवायच्या. गरम ठेवली तर आत वाफ धरते, हे त्या शेजारणींनाही बजावून सांगत. शेजारणी चिडवायच्या, "कॅमेऱ्याचं जेवन झालं का वो? आता माणसायले वाढा."

एका दसऱ्याला मात्र घोटाळा झाला. आमच्याकडं त्या दिवशी विळा, कुऱ्हाड, नांगर सगळं धुऊन मांडतात, हळदकुंकू लावतात. काकाजी आंघोळीला गेले होते. काकूंनी विळ्याच्या बाजूला कॅमेरा मांडला. तो धुवायचा नाही एवढं त्यांना ठाऊक होतं. पण देवाला लावतात तशी ओली हळद त्यांनी बोटानं काचेच्या मधोमध लावली. काकाजींनी येऊन पुसली, तरी थोडी ओल काचेभोवतीच्या कडीच्या खाचेतून आत गेलीच. काही दिवसांनी काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसू लागले.

माझं लग्न त्याच वर्षीचं. काकाजींनी काढलेल्या फोटोत मांडव, वऱ्हाड, अक्षता टाकणारे माझे बाबा, सगळं धुक्यात उभं असल्यासारखं. सासूबाई खूश होत्या, "सून गोरी दिसून राहिली." काकाजी मात्र घरी जाऊन काकूंवर ओरडले. सगळ्या आळीनं ऐकलं. "माज्या कॅमेऱ्याले पुन्हा हळद लावशीन तर याद राख!"  पुढं कितीतरी दुपारी काकू अंगणात काच उन्हाला धरून बसलेल्या मी पाहिल्या. बुरशी तिथंच थांबली, डाग राहिला. पण त्यानंतर दसऱ्याला पूजेत कॅमेरा कधी मांडला गेला नाही. काकू गेल्या, तोवर नाही.

आता बाबाही नाहीत. तो फोटो बघायला काढला की मला वाटतं, धुकं आहे तेच बरं.

ऊन गेलं. काकाजींनी काच दुपट्ट्यानं झाकली. समोर गडाची चढण दिसत होती, वरून घंटेचा आवाज येत होता.

"शामकला," ते म्हणाले, "तुज्या देवघरात दिवा रोजच जळते न?"

"सासूबाईंपासून जळतो, काकाजी."

"मंग त्या दिव्यापासून जरा दूर, उबीले, याची पेटी ठेवजो. काजळी नको लागाले. लाईन गेली का तांदूळ भाजजो. धुरपताले भाजतानी पाहिलं हाय तू."

"ठेवीन न. त्यात काय एवढं?"

त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला, मग बोटानं चाचपून कडी दाखवली. खाचेत बारीक पिवळी रेघ होती.

"गोंदियाचा कारागीर म्हने, खोलून साफ करून देतो. मी नाई करू देल्लो. तिच्या बोटाचं तेवढंच रायलं."

 मी मनात महादेवाचं नाव घेतलं.

थोडं चढल्यावर ते पुन्हा थांबले. दम लागला असेल असं मला वाटलं.

"आन् आयक. दसऱ्याले मी नाई रायणार. विळ्याच्या बाजूले यालेही मांडजो. हळद लावजो." श्वास घेऊन म्हणाले, "कोरडी लावजो, बाई. काचीले नको."