तीन सुती पलंग

जगातली कोणतीही गोष्ट कधी ना कधी ढिली होते. आमच्या सासऱ्यांचं मत तेवढं कधी झालं नाही. घोडेगावात त्यांचं ऑइल इंजिनं दुरुस्त करायचं दुकान होतं. एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमारास सगळा बाजार इंच-सूत सोडून मिलिमीटरच्या मागं लागला, तेव्हा हा एकटा माणूस जागचा हलला नाही. लोखंडात आटे पाडायचे ते सुतातच, म्हणजे इंचाच्या आठव्या हिश्श्याच्या मापात. नगरला भोकात आटे पाडायचा टॅप घ्यायला गेले की बाजारात बैल पारखावा तसा एकेक टॅप उजेडाकडे धरून त्याचे दात बघायचे, धारेवर अंगठा फिरवायचे, आणि ढीगभर बाजूला सारून एक पसंत करायचे. सरकारनं इंच बंद केलाय, आता एमेमचा घ्या, असं दुकानदारानं सुचवलं तेव्हा म्हणाले, "सरकारनं इंच बंद केला आसंल, माझा अंगठा न्हाई केला."

मी राजूरच्या शाळेत मास्तर. मुलांना भूमिती शिकवायचो, पण बोल्ट कुठल्या बाजूला पिळायचा ते बायकोला विचारून. आमचं लग्न ठरताना मामांची, म्हणजे सासऱ्यांची, हरकत एकच होती. आई नसलेली एकुलती पोर डोंगरात द्यायची, मग तिच्या घरात आपलं काय काम उरलं, असं ते भेटेल त्याला विचारत. लग्नात त्यांनी लोखंडी पलंग दिला, तोही आठ एमेमच्या प्रत्येक भोकात तीन सुती टॅप फिरवून. हट्ट, दुसरं काय!

वर्षाच्या आत एक बोल्ट कुठंतरी पडला. कूस बदलली की पलंग असा कण्हायचा की शेजारच्या काकू सकाळी हिची तब्येत विचारायच्या. आबांना, म्हणजे तिच्या वडिलांना, निरोप धाडू, असं ही म्हणाली. एका बोल्टसाठी सासरा बोलवायचा? मी बाणेदारपणे आमच्या तालुक्याच्या अकोल्याचा बाजार गाठला. आठचा बोल्ट भोकातून थेट जमिनीवर पडला, दहाचा तोंडाशीच अडला. तो मी हातोडीनं पटवायला गेलो आणि होते ते आटेही ठेचून ठेवले. अखेर एस.टी.च्या कंडक्टरबरोबर निरोप गेलाच.

दुसऱ्या दिवशी मामा दारात हजर. पिशवीत टॅप, डाय, तेलाची बाटली आणि धोतरात गुंडाळलेला लेकीच्या आवडीच्या शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. मी ठेचलेले आटे त्यांनी टॅपनं साफ केले, सळईच्या तुकड्यावर डाय फिरवून बोल्ट तयार केला आणि कचकन आवळला. काम घटकाभराचं, मुक्काम आठवडाभराचा. निघायच्या दिवशी मात्र मला राहवलं नाही. एमेमचे आटे राहू दिले असते तर मीच बसवला असता बोल्ट, म्हणालो.

मामांनी चुलीपुढं भाकरी थापणाऱ्या लेकीकडे एकदा पाहिलं. "बसवला आसता, व्हय," म्हणाले. "मंग जावईबापू, म्या कशाला आलो आसतो?"

आता मामा नाहीत. पिशवी माझ्याकडे आली. गेल्या वर्षी आमची मुलगी शिर्डीला दिली. पलंग अर्थातच एमेमचा मिळाला. ही हसत होती, तरी मी पिशवीतला एकेक टॅप उजेडाकडे धरला, काय बघायचं ते ठाऊक नसताना धारेवर अंगठा फिरवला आणि तीन सुतीचाच निवडला. माझे आटे काही त्यांच्यासारखे सरळ पडले नाहीत. पलंग डुलतो, असं आमचे जावई म्हणतात. बाजारात बोल्ट शोधताहेत म्हणे. शोधू देत. पिशवी मी भरून दाराशी ठेवली आहे.